जुलैची छाटणी जानेवारीत

मुलांनो, तुमच्यातली मोठी परवा फोनवर म्हणाली की तिला नव्या वर्गात आपल्या घरच्या माणसांबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी ती माझा तो द्राक्षांचा फोटो मोठा करून नेणार आहे. काळ्या द्राक्षांचा घड आणि त्याखाली माझा हात. पोरी, तो फोटो नेऊ नकोस. का नेऊ नकोस, ते फोनवर सांगायला मला धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे. तुझ्या शाळेच्या दिवसाआधी हे पोचायला हवं, म्हणून आज स्वयंपाक केला नाही. कालची भाकरी दह्यात कुस्करून खाल्ली. लिहून झालं की शेजारच्या भाभी फोनवर पानांचे फोटो काढतील आणि पाठवतील.

तिकडं परदेशात वाढलेली तू, मराठी अक्षरं लावून लावून वाचतेस. दोन पानांनंतर कंटाळशील आणि बाबांच्या हातात देशील. ते धाकट्याला शेजारी बसवून मोठ्यानं वाचतील. वाचू देत. यातलं त्यांनाही काही माहीत नाही.

सुरुवात छताच्या पंख्यापासून झाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पंखे पुसायची. तशी माझ्या वहीत नोंद असायची. अडीच वर्षांपूर्वीच्या एका रविवारी स्टूल सरकलं आणि माझं उजवं मनगट मोडलं. तुमच्या बाबांचा फोन आला.

“आई, या वयात स्टुलावर चढतात का?”

“पंखा खाली येत नाही म्हणून चढले.”

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी पुण्यातली एक जागा बघून ठेवली होती. तिथं सगळे माझ्याच वयाचे, प्रत्येकाला एक खोली, आणि पलंगाशी घंटी. घंटी दाबली की माणूस येतो. नळदुर्गचं घर बंद करायचं आणि तिथं राहायला जायचं. ते प्रेमानंच म्हणत होते, हे मला कळत होतं. पण मी चौतीस वर्षं शाळेत घंटीवर उठले-बसले. आता पुन्हा घंटी नको होती.

त्याच आठवड्यात तुम्ही दोघांनी मला तुमच्या शेजारच्या पांढऱ्या मिशांच्या आजोबांची गंमत सांगितली होती. त्यांनी कुंपणावर वाइनच्या द्राक्षांचे वेल लावलेत, ते एकटे राहतात, स्वतः छाटतात, स्वतः टबात उभे राहून द्राक्षं तुडवतात. मी तेच तुमच्या बाबांपुढं ठेवलं.

“ते माझ्याहून मोठे आहेत. त्यांना कुणी घंटीच्या खोलीत नेऊन ठेवलं का?”

“त्यांना जमतं ना आई. सगळं जिथल्या तिथं करतात ते.”

“मलाही जमेल.”

“काय? वाइन?”

“द्राक्षं,” मी म्हणाले. “मी वेल लावते. तीन वर्षांच्या आत द्राक्षं लागली तर समज की म्हातारीचं डोकं आणि हातपाय दोन्ही जागेवर आहेत. मग पुण्याचं नाव काढायचं नाही. नाही लागली तर मी आपण होऊन बॅग भरते.”

तुमचे बाबा हसले आणि हो म्हणाले. हा प्रश्नपत्रिका काढण्याचा मूर्खपणा माझाच, हे लक्षात ठेवा. मला कुणी परीक्षा द्यायला सांगितलं नव्हतं. शिक्षकाची खोड, रिकामा वेळ दिसला की परीक्षा घ्यायची. इथं दुसरं कुणी सापडलं नाही म्हणून स्वतःचीच घेतली.

माझा एक जुना विद्यार्थी द्राक्षाच्या रोपवाटिकेत काम करतो. त्यानं दोन कलमं आणून दिली. पिशवीत हातभर काडी, वर चार पानं.

“मॅडम, ही खायची न्हायत बरं का, वाइनची हायत. मणी बारीक, आत बिया. तोंडात टाकली तर डोळा मिटंल.”

“मला तीच हवी आहेत.”

त्यानं पिशव्या खाली ठेवल्या. “तुम्ही इंग्रजी शिकवत होता म्हणून का, द्राक्षं पण इंग्लिशच?”

मी आयुष्यात वाइनचा थेंबही चाखलेला नाही. पण त्या आजोबांची वाइनची होती, तर माझीही वाइनचीच हवीत. इतकं साधं कारण होतं. गल्लीत बातमी संध्याकाळच्या आत पसरली. नळाला चार दिवसांआड पाणी येतं, आणि त्या दिवशी सगळ्या बाया घागरी घेऊन उभ्या असतात, तिथं कळलं की बाईंनी दारूचा वेल लावलाय. भाजीवाल्यानं मला विचारलं की भट्टी कधी पेटवणार. देवळात भजनाला एकीनं माझ्या कानाशी येऊन म्हटलं, “दुखण्यावर चांगली असती म्हणं. माझ्या गुडघ्यासाठी एक बाटली राखून ठेवा.”

आता भाभी. आमची भिंत एक आहे. त्यांचे मालक दर हंगामात टोळी घेऊन बागांवर द्राक्षाच्या छाटणीला जातात. भाभी स्वतःही विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, जायच्या, गुडघे दुखायला लागेपर्यंत. म्हणजे माझ्या भिंतीपलीकडं द्राक्षाची अख्खी शाळा राहत होती. आणि मी काय केलं? तुमच्या बाबांना सांगून तिकडून पुस्तक मागवलं. मिशांच्या आजोबांनी सुचवलेलं, जाड, रंगीत चित्रांचं, इंग्रजी.

पुस्तक फार चांगलं आहे, अजून मी तसंच म्हणते. मी त्याला खाकी कव्हर घातलं. महत्त्वाच्या ओळी पट्टी धरून अधोरेखित केल्या. त्यात लिहिलं होतं की वेल हिवाळ्यात गाढ झोपतो, पानं झडतात, आणि तेव्हाच, जुलैत, त्याला निर्धास्त कापावं. प्रत्येक काडीवर दोन डोळे, म्हणजे फुटीच्या दोन गाठी, ठेवाव्यात आणि बाकी सगळं काढावं.

जुलै वाचून मी क्षणभर थबकले. मग मला कळलं, आणि कळल्याचा इतका आनंद झाला की मी उठून उभी राहिले. तुमच्याकडं जुलैत हिवाळा! पृथ्वीचा खालचा अर्धा गोल! म्हणजे आपल्याकडं सहा महिने मिळवायचे. मी पेन्सिलीनं समासात नीट अक्षरात लिहिलं: जुलै म्हणजे जानेवारी. पुस्तकभर मी तसे महिने बदलले. दुसरं कुणी असतं तर त्यानं पुस्तक वाचून जुलैत वेल कापला असता, असं मनात आलं, आणि त्या अडाणी माणसाची मला कीव आली.

पहिल्या जानेवारीत वेल लहान होते. मी पुस्तकाप्रमाणं ते दोन डोळ्यांवर आणले. काहीच बिघडलं नाही. उलट उन्हाळ्यात ते सरळ चढले आणि अंगणात धुणं धुवायच्या दगडावर केलेल्या तारांच्या मंडपावर पसरले. तिथून माझी घमेंडही वर चढली.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी दहा दिवस लातूरला बहिणीकडं गेले. किल्ली भाभींकडं होती, वेलांना पाणी घालायला. परत आले आणि दार उघडून बघते तर मंडप बोडका. पान नाही, नुसत्या काड्या.

“भाभी, हे कुणी केलं?”

“यांनी केलं की. बागावर जाता जाता म्हणाले, बाईंचा वेल तसाच ऱ्हायलाय, वक्त निघून चाललाय. अर्ध्या घंट्यात करून दिलं. पैसे बी घेणार न्हायत, घाबरू नका.”

“ऑक्टोबरात छाटतात का कुणी? वेल जागा आहे अजून.”

“मग? जाग्या माणसालाच कामाला लावायचं असतंय न्हवं?”

माणसं प्रेमळ आहेत, असं म्हणत आत आले आणि वहीत लाल शाईनं लिहिलं: विनापरवानगी छाटणी. वेल बहुधा जाणार.

वेल गेले नाहीत. आठवड्या-दोन आठवड्यांत डोळे फुटले, पोपटी पानं आली, आणि दिवाळी उरकल्यावर एका सकाळी दोरीवर चादर टाकताना मला पानाआड मोहरीएवढ्या दाण्यांचा तुरा दिसला. मोजले, दोन्ही वेलांवर मिळून अकरा होते. तुमच्या बाबांना लगेच सांगायला हवं होतं. तिथंच सगळं संपलं असतं आणि मी जिंकले असते. पण मला पिकलेलीच दाखवायची होती. अर्धी सोडवलेली उत्तरपत्रिका दाखवणं मला कधी आवडलं नाही.

डिसेंबरभर घड वाढले. जानेवारी उजाडला तेव्हा मणी वाटाण्याहून मोठे, हिरवे, टणक होते. आणि मी अडचणीत पडले. पुस्तकाप्रमाणं आता वेलानं झोपायला हवं होतं. हिवाळ्यात वेलावर फळ असेल असं पुस्तकात कुठंच नव्हतं. मी तीन दिवस शोधलं आणि मागच्या एका पानावर मला हवं ते सापडलं: कधी कधी वेलावर अवेळी दुसरं फळ धरतं, ते पिकत नाही, वेलाची ताकद खातं, ते काढून टाकावं.

झालं! सगळा उलगडा झाला. ऑक्टोबरातल्या अडाणी छाटणीनं गोंधळून वेलानं अवेळी फळ धरलं होतं. त्यातून एका घडातले दोन-तीन मणी जांभळट पडायला लागले होते. मी पुस्तकातलं रोगांचं पान काढलं आणि त्या डागांनाही नाव शोधलं. द्राक्ष पिकायला लागलं की काळं होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त त्या आठवड्यात आठवलं नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागले. कात्री स्पिरिटनं पुसली. खाली जुनी चादर अंथरली. स्टूल घेतलं नाही, तुमच्या बाबांना शब्द दिला होता. बाहेरून चार विटा आणून त्यांचा ओटा रचला, जो स्टुलाहून जास्त हलत होता. एकेक काडी मोजून दोन डोळ्यांवर कापली. कापलेल्या जागी निळं मलम लावलं. काड्यांच्या लांबीप्रमाणं जुड्या बांधल्या. अकरा घड बादलीत ठेवले, मोठे खाली, लहान वर. वहीत लिहिलं: छाटणी पूर्ण, पुस्तकाबरहुकूम. इतकं नेटकं काम माझ्या हातून नोकरीतही कधी झालं नव्हतं.

भाभी कढीपत्ता न्यायला आल्या. मागच्या दारातून दोन पावलं आत आल्या आणि तिथंच थांबल्या. आधी मंडपाकडं बघितलं, मग बादलीकडं.

“या अल्ला. कुणी दुश्मनी काढली बाई?”

“मी छाटणी केली.”

“तुम्ही?” त्यांनी बादलीतून वरचा घड उचलला. जांभळ्या मण्यावरून अंगठा फिरवला. “रंग धरला हुता की वं ह्यानं. महिन्या-दीड महिन्यात पिकला असता.”

“भाभी, हे अवेळी फळ आहे. वेल आता झोपतो. पुस्तकात…”

“कुठं झोपतो?”

“हिवाळ्यात. जगभर झोपतो.”

“आमच्याकडं वेल झोपतच न्हाय बाई. नळदुर्गच्या थंडीत कोण झोपंल? त्याला इथं दोनदा कापून काढावं लागतंय. उन्हाळा तोंडावर आला की एकदा, नव्या काड्या धरायला. दसऱ्याला एकदा, फळाला. थंडीत घड भरायचा, उन्हाळा लागता लागता उतरायचा. लहान पोराला बी ठावं हाय इथल्या.”

मी तरी हरले नाही. आत जाऊन पुस्तक आणलं. समासात सहा महिने कसे मिळवले ते दाखवलं. पृथ्वीचा गोल म्हणून त्याच बादलीतला एक घड हातात धरला आणि सूर्य म्हणून कात्री. भाभींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“हिशोब बराबर हाय तुमचा,” त्या म्हणाल्या. “वेल वाचायला शिकला नव्हता, येवढंच.”

मग त्यांनी कढीपत्ता तोडला, आणि जाताना बादली उचलून बाजूला ठेवली, माझा पाय लागू नये म्हणून. त्या गेल्यावर मी त्या विटांवर बसले. पुण्याची खोली माझ्या डोळ्यांपुढं आली. खिडकीला पडदा कोणत्या रंगाचा असेल, इथपर्यंत आली.

त्या रविवारी तुमच्या बाबांनी फोनवर सहज विचारलं, “काय आई, द्राक्षं काय म्हणतात?”

“लागलीत,” मी म्हणाले.

शब्द खोटा नव्हता. लागली होतीच की. पण ते म्हणाले, “अरे वा! मग पिकली की व्हिडिओवर दाखव, मुलं नाचतील.” आणि मी म्हणाले, “हो, दाखवते ना.”

फेब्रुवारीच्या मध्यावर तो रविवार आला. वेलांना तोवर नखाएवढी नवी पानं फुटली होती. आदल्या दिवशी मी रिक्षा करून हायवेवर गेले. ढाब्यांच्या पुढं द्राक्षवाले बसतात. काळ्या द्राक्षांचे पाच घड घेतले. दुकानदार म्हणाला, “साखर हाय नुसती, बिया न्हायत.” मला बियांची हवी होती, पण त्याला कारण काय सांगणार?

घरी येऊन ते घड वेलाला बांधायला रिळातला तपकिरी दोरा काढला. गाठ बसेना. शेवटी भाभींना हाक मारली. त्यांनी दोरा बघितला, द्राक्षं बघितली, माझ्याकडं बघितलं.

“बाई, चौतीस वर्षं पोरांच्या चिठ्ठ्या पकडल्या ना तुम्ही?”

“पकडल्या.”

“मग चिठ्ठी कशी लपवायची ते पोरं शिकली, तुम्ही न्हाय शिकला. द्या इकडं.”

त्यांनी गाठी मारल्या. फोनही त्यांनीच धरला. वरचा बोडका मंडप दिसू नये म्हणून इतका जवळ धरला की तुम्हाला फक्त घड, दोन पानं आणि माझी हनुवटी दिसली. तुम्ही तिकडून ओरडलात. धाकटा म्हणाला, “आजी, मोठा घड दाखव!” मी मोठ्या घडाकडं वळले आणि त्याच वेळी त्याची गाठ सुटायला लागली. मी खालून हात लावला. पोरी, ज्या हाताबद्दल तू म्हणालीस की आजी घडाला किती मायेनं धरते, तो हात तो घड पडू नये म्हणून लावलेला होता. तुझ्या बाबांनी तेवढ्यात फोटो काढला.

“आई,” ते म्हणाले, “जिंकलीस गं. पुण्याला मी नाही सांगून टाकतो.”

फोन बंद झाला. मी हात काढला आणि घड धुण्याच्या दगडावर पडला. भाभींनी त्यातलं एक द्राक्ष पुसून तोंडात टाकलं. “गोड हाय,” म्हणाल्या, आणि घरी गेल्या.

ज्या मुलांनी माझ्या वर्गात कॉपी केली, त्यांना मी वर्गासमोर उभं करून एकच प्रश्न विचारायची: पास होण्याची इतकी घाई का होती? एकानंही कधी नीट उत्तर दिलं नाही. आता मी सांगू शकते. नापास झाल्यावर कुठं पाठवतील याची भीती असते.

त्यानंतर मी पुस्तक कपाटात ठेवलं. एप्रिलच्या उन्हात भाभींचे मालक छाटायला आले, तेव्हा मी विटा न रचता खाली उभी राहून काड्या गोळा केल्या. एक वेल तोवर वाळायला लागला होता. जानेवारीच्या कापण्यानं आणि नंतरच्या उन्हानं तो पुन्हा उठलाच नाही. त्यांनी खोड नखानं खरवडून मला दाखवलं, आत हिरवं नव्हतं. दसऱ्याला त्यांनी उरलेला वेल छाटला, आणि कात्रीला हात लावण्याआधी मी परवानगी विचारली, त्यांची.

आता तुमच्या बाबांसाठी. बाळा, तू हे मुलांसमोर मोठ्यानं वाचतो आहेस, म्हणून मीही सगळ्यांसमोरच सांगते. आपला करार मी मोडला. ती द्राक्षं हायवेवरची होती. तू पुण्याला नाही म्हणालास ते एका दोऱ्यावर विसंबून म्हणालास. आता तुला पुन्हा ठरवायचा हक्क आहे.

पण या वेळी मी परीक्षा मांडत नाही. ज्या बाईनं हिशोब बरोबर करून स्वतःचं पीक कापून टाकलं, तिच्या डोक्याबद्दल मी काय खात्री देणार? मी फक्त सांगते की मला इथं राहायचं आहे. सकाळी ट्रकांचा आवाज ऐकत चहा करायचा आहे, आणि भिंतीवरून भाभींची बोलणी खायची आहेत. द्राक्षं लागली किंवा नाही लागली तरी. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय. पंखे आता भाभींची सून पुसते, मी खाली उभी राहून सूचना देते आणि ती ऐकत नाही. तुला तरी पुण्याची खोली घ्यावीशी वाटली तर मार्चमध्ये ये, समोर बसून बोलू. मी रुसणार नाही. वाद मात्र घालीन.

आणि पोरी, वर्गात माझ्याबद्दल बोलायचंच असेल तर हे सांग. फोटोची गरज नाही.

दोन वेलांपैकी मागच्या दाराकडचा वेल गेला, त्याचं खोड काढून टाकलं. भिंतीकडचा जिवंत आहे. त्याच्यावर या हंगामात चार घड आहेत. मणी बारीक, काळे, आत बिया, आणि फार आंबट.